मागच्या चाकांचं जू

नौबादच्या बाजारात श्रीपतरावांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि माणूस म्हणून त्यांचं नाव चांगलं होतं. फक्त त्यांची बायको त्यांच्या गाडीत बसत नसे.

हे सगळं गेल्या येळवशीला सुरू झालं. येळवशीच्या अमावास्येला आमच्या सीमाभागात गावंच्या गावं ओस पडतात. भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातल्या आंबिलीचं मडकं घेऊन जो तो आपल्या शेतात, पिकाच्या पूजेला. श्रीपतरावांचं शेत हळ्ळीखेडला. सत्यभामाबाई पुढच्या सीटवर मांडीवर मडकं घेऊन बसल्या होत्या. मडकं अर्थातच तोंडापर्यंत भरलेलं, कारण उणं मडकं शिवारात न्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. ओढ्याच्या पुलाजवळ डावीकडे वळण आलं, वीस वर्षांची ती पांढरी सेडान नेहमीसारखी एका अंगावर कलली आणि आंबिलीनं साडी, सीट, सगळं न्हाऊन निघालं. शेतात पोचल्यावर सत्यभामाबाईंनी साऱ्या भावकीसमोर सांगून टाकलं, "ही गाडी डुलतीया. मी काय आता हिच्यात पाय ठेवणार न्हाई." परत येताना त्या धाकटे दीर नागेंद्र यांच्या जीपमध्ये बसल्या.

आणि बाई शब्दाच्या पक्क्या. उदगीरला लग्न निघालं, त्या बसनं गेल्या. कलबुर्गीला लेकीकडे जायचं, बसनंच. श्रीपतराव गाडी घेऊन आधी पोचत, स्टँडवर बायकोची वाट बघत उभे राहत. ती उतरली की त्यांच्याकडे बघून गोड हसे आणि रिक्षात बसे. लोकांची फुकटात करमणूक होत होती. श्रीपतरावांना मात्र फार वाईट वाटे. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला शेजारची रिकामी सीट किती मोठी दिसते, हे ज्याचं त्यालाच कळतं. यंदाच्या येळवशीलाही ती जीपमध्ये बसली, तर ही सवयच पडून जाईल, मग जन्मभर असंच, या विचारानं त्यांना झोप लागेना.

त्यांनी नवे टायर घातले, शॉकअप बदलले. गाडी डुलायची ती डुललीच. शेवटी पुण्याच्या पुतण्यानं, बंटीनं, फोनवर सांगितलं, "काका, मागच्या चाकांना स्वे बार बसवा. तुमच्या गाडीला कंपनीनं मागं दिलेलाच नाही." कुरिअरनं दांडा आला. जाड, लाल रंगाचा, दोन्ही टोकांना वळवलेला. येळवशीच्या आदल्या दिवशी श्रीपतराव तो घेऊन गुरुशांतप्पा मिस्त्रीच्या गॅरेजात हजर झाले.

गुरुशांतप्पांना खरं तर दुकान लवकर बंद करायचं होतं. घरी बायको लिंगम्मा उंड्यांचं पीठ मळून वाट बघत होती. पण लाल दांडा बघितल्यावर त्यांचे डोळे चमकले. कपाळावरची विभूती बोटानं पुसून त्यांनी आधी दांड्याला लावली.

"ह्यानं काय हुतंय, मिस्त्री?" श्रीपतरावांनी विचारलं.

"दोन बैलांच्या मानंवर जू असतंय का न्हाई, अण्णा? एक बैल खाली बसाय लागला की दुसऱ्याची मान बी वडली जातीया. मग कुणी एकटा बसत न्हाई. तसंच हे. वळणाला एक चाक दबाय लागलं की दांडा पिळतो, दुसऱ्या चाकाला बी संगं घेतो. गाडी कलत न्हाई."

श्रीपतरावांना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच काशप्पाच्या टपरीवरून सगळ्यांसाठी चहा मागवला.

गाडी जॅकवर चढली. गुरुशांतप्पा पाठीवर सरकत खाली गेले. रबरी बुशांना ग्रीस चोपडलं, दांडा मागच्या अ‍ॅक्सलला पट्ट्यांनी धरला, दोन्ही टोकं आखूड कड्यांनी वर बॉडीशी जोडली. एक नट जुन्या चिखलाखाली गंजून बसला होता. त्याला मिस्त्रींनी आधी मराठीत समजावलं, मग उर्दूत, आणि शेवटी कन्नडमध्ये असं काही सुनावलं की तो मुकाट फिरला.

"झालं?" श्रीपतराव उतावीळ.

"कुठं झालं? चाकं हवेत असताना कसायचं नसतंय. उद्या गाडीत जेवढं वजन असंल तेवढं आत्ता ठिवा. गाडी आपल्या पायावर उभी असताना कसलं म्हंजी रबर पिळून बसत न्हाई."

गाडी खाली उतरली. येळवशीचं वजन किती? श्रीपतरावांनी दुकानातून बियाण्यांची पोती आणून डिकीत टाकली. मागच्या सीटवर, उद्याच्या टोपल्या-भांड्यांच्या जागी, काशप्पा बसला. तो एकटाच दोन माणसांच्या वजनाचा होता. पुढे, सत्यभामाबाईंच्या जागी, कुणाला बसवायचं यावर श्रीपतराव अडले. दुसरं कुणी त्या जागेवर बसावं, असं त्यांना वाटेना. मग ते स्वतःच तिथं बसले आणि मांडीवर काशप्पाचा दुधाचा कॅन घेतला, मडक्याच्या वजनापुरता. खालून पान्याचा आवाज येत राहिला. "आयतु, आयतु!" झालं म्हणून ओरडत मिस्त्री बाहेर आले, तेव्हा त्यांच्या कपाळावर विभूतीऐवजी ग्रीसचे तीन पट्टे होते.

रिंगरोडच्या गोल चौकात श्रीपतरावांनी गाडी फिरवली. गाडी पाटावर बसल्यासारखी सरळ! पुन्हा फिरवली, जरा जोरात. तरी सरळ. तिसऱ्यांदा तर काशप्पा मागून ओरडला, "अण्णा, माझी टपरी उघडी हाय!" श्रीपतराव मोठमोठ्यानं हसत होते. इतक्या आनंदात ते लेकीच्या वरातीतही नव्हते.

घरी जाऊन त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. सत्यभामाबाई आंबील घुसळत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "बरं. बसते उद्या. पर आंबील सांडली तर तिथंच उतरून भाऊजींच्या जीपमदी बसीन. मग मला कदी या म्हणायचं न्हाई."

"कबूल!" श्रीपतराव म्हणाले.

सकाळी गाडी निघाली. मडकं काठोकाठ भरलेलं, तोंडाला फडकं. साध्या रस्त्यावर फडकं ओलंसुद्धा झालं नाही. मागून नागेंद्ररावांची जीप येत होती. श्रीपतराव आरशात बघून मिशीत हसत होते. ओढ्याचं वळण आलं. पूर्वी ते इथं घाबरून थोडा तरी ब्रेक दाबायचे. आज कशाला? आज जू होतं! त्यांनी तशाच वेगात चाक डावीकडे फिरवलं.

गाडी तसूभर कलली नाही. आंबील मात्र फडक्यासकट उसळली आणि अर्धं मडकं श्रीपतरावांच्या नव्या पांढऱ्या पायजम्यावर आलं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. पायजमा, गिअर, सीट, सगळीकडून आंबील ओघळत होती. श्रीपतराव तिकडे न बघताच बायकोकडे वळले. "तुला काय झालं का गं? मान हिसकली का? हात बगू."

सत्यभामाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हसू लागल्या. हसता हसता मडकं पुन्हा हिंदकळलं.

"गाडी तर कलली न्हाई," श्रीपतराव रडकुंडीला आले होते. "मग सांडली कामून?"

"ताट सरळ धरून बी गर्रकन वळलं तर वरण सांडतंयच की! दांडा गाडीला बसवला, तुमच्या पायाला न्हाई." मग त्यांचा आवाज खाली आला. "गेल्या साली काय म्हणला होता तुमी, ध्यानात हाय?"

त्यांना आठवेना.

"मी पार चिंब भिजले होते. तुमी पैल्यांदा म्हणलं, सीट खराब झाली का बग. डुलण्याचं काय घिऊन बसलाव? सारी हयात बैलगाडीत डुलले मी."

वर्षभर श्रीपतराव टायर बदलत होते, शॉकअप बदलत होते. आणि आज गाडीची काळजी त्या लाल दांड्यावर सोपवून मोकळे झाले होते, म्हणून तर नजर आधी बायकोकडे गेली. म्हणजे बंटीनं सुचवलेली वस्तू वाया गेली, असंही म्हणता येत नव्हतं.

एवढ्यात जीप शेजारी येऊन थांबली. आतलं दृश्य बघून नागेंद्ररावांनी हसू दाबलं. "सांडली व्हय? वैनी, या इकडं. जागा ठिवलीया तुमच्यासाठी."

श्रीपतरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. कबूल तर त्यांनीच केलं होतं.

"तुमी व्हा म्होरं, भाऊजी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आमी येतोव सावकाश." आणि त्यांनी काच वर केली.

जीप पुढे गेली. श्रीपतरावांनी किल्ली फिरवली, पण गाडी काही हलेना.

"आता काय झालं?"

"आंबील गेली डोळ्यात," श्रीपतराव म्हणाले.

पायजम्यावर सांडलेली आंबील डोळ्यांपर्यंत कशी गेली, हे सत्यभामाबाईंनी विचारलं नाही. मडकं एका हातानं सावरून त्यांनी पदराच्या कोरड्या टोकानं नवऱ्याचे डोळे पुसले.