साहेबांचा बॉल

अकरा सामन्यांत एकतीस गोल खाल्ल्यावर कुणाचंही तोंड उतरेल, आणि नरहर टिपणीसचं तर आधीच फारसं वर नव्हतं. लखनौमधल्या एका सरकारी कचेरीच्या फुटबॉल संघात तो चौदा वर्षं स्टॉपर होता. गोलकीच्या पुढ्यात उभं राहून येईल तो बॉल परतवायचा, हे त्याचं काम. एकोणऐंशीच्या मार्चमध्ये स्पोर्ट्स कमिटीने कप्तान म्हणून त्याच्याकडून लेखी टिपण मागवलं: पुढच्या हंगामात बचाव सुधारण्याची शक्यता आहे काय? नसल्यास संघ बंद का करू नये?

संघ बंद झाला तर शनिवारच्या दुपारी आपण करायचं काय, हा प्रश्न टिपणात लिहिण्यासारखा नव्हता. फायली, सह्या, निशातगंजच्या बाजारातून सब्जी आणि पुन्हा फायली. मैदानावरचे दीड तासच काय ते त्याचे स्वतःचे होते.

शेवटचा सामना चिनहटच्या एका कारखान्याशी झाला. नरहरची बायको वासंती त्या दिवशी पहिल्यांदाच बघायला आली आणि पाच गोल बघून परतली. घरी चहा टाकताना म्हणाली, "अहो, एक विचारू? तुमची माणसं एकमेकांवर केवढी ओरडतात. तुम्हाला मात्र कुणीच हाक मारत नाही."

"मारत असतील. तुला ऐकू आलं नसेल."

"मागून माणूस येतोय हे सांगायला नको? दूध उतू जायला लागलं की मीसुद्धा 'अहो' म्हणून खच्चून ओरडते."

सोमवारी त्याने गोलकी रामआसरेला केबिनमध्ये बोलावलं. रामआसरे त्याच्याच सेक्शनमधला डिस्पॅच क्लार्क. दोन्ही फुलबॅकही त्याच्याच हाताखालचे.

"पीछे से आवाज़ क्यों नहीं देते?" नरहरने विचारलं.

रामआसरेने आधी केबिनचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "साहब, कैसे चिल्लाएँ आप पर? हमारी सी.आर. आप लिखते हैं."

सी.आर. म्हणजे साहेबाने हाताखालच्या माणसावर दरवर्षी लिहायचा गोपनीय शेरा. त्यावर त्याची बढती ठरायची. तीन वर्षांपूर्वी नरहर साहेब झाला, वासंतीने घरोघर पेढे वाटले आणि त्याच हंगामापासून गोल वाढले. बॉल मध्ये पडला की पोरं अदबीने थांबायची, कारण तो साहेबांचा बॉल. नरहर बिचारा समजत होता की आपलं वय झालं.

त्याने हुकूम काढला, मैदानावर साहेब म्हणायचं नाही. पण हुकूम झाला तरी तो साहेबाचाच. सरावात उंचावरून बॉल आला, रामआसरेने तोंड उघडलं, "टिपणीस... जी... साहब, ज़रा..." तेवढ्यात बॉल जाळ्यात गेलाही होता.

पुढच्या शनिवारच्या सरावाला नरहरने पाय मुरगळल्याची थाप मारली, आपल्या जागी टायपिस्ट रिझवीला उभं केलं आणि बाकावर बसला. मैदानावर नुसता कल्ला सुरू झाला.

"अबे रिज़वी, पीछे देख!"

"छोड़, मेरी है!"

"अंधा है क्या, गधे?"

रिझवीही ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता, व्याजासकट परत करत होता. तासभर खेळ झाला आणि एकही गोल झाला नाही.

नरहरला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हाच रामआसरे एके काळी त्याला "अबे मराठे" म्हणायचा. एकदा चूक झाली तेव्हा तर त्याने नरहरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. नरहर तेव्हा दोन दिवस धुमसत होता. पेढ्यांबरोबर आपण काय वाटून टाकलं, ते त्याला आज कळलं.

घरी येऊन त्याने टिपण लिहिलं. बचाव निश्चित सुधारेल, संघ चालू ठेवावा. खाली अकरा नावांची यादी जोडली.

वासंतीने ती वाचली. "यात तुमचं नाव कुठंय?"

"गुडघे दुखतात हल्ली," तो म्हणाला. गुडघे दुखत नव्हते, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

कमिटीने टिपण मंजूर केलं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी नरहर सवयीने मैदानावर गेला. त्याला पाहताच रामआसरे खेळ सोडून धावत आला. कुठूनशी एक खुर्ची पैदा करून त्याने ती झाडाखाली मांडली आणि रुमालाने पुसली.

"बैठिए साहब. धूप बहुत है."

नरहर बसला. रामआसरे गोलकडे पळाला आणि पोचण्याआधीच कुणाच्या तरी नावाने ओरडायला लागला.