पाठवणीची चाल

"हे काय गं हेमे? सगळे सूर खालच्या आळीत जाऊन बसले की!" अप्पारावांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. "जल्मात एवढं खाली वाजवलं न्हाई मी."

त्यांची लेक हेमा हसली. पडद्यावर स्वरलिपीच्या पाच रेषा मोकळ्या होत्या आणि सुरांचे काळे ठिपके त्यांच्याखाली लोंबत होते. ती वापरत होती त्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपके हाताने मांडायचे नसतात. सूर कंसात अक्षरांनी लिहायचे, त्यांची लांबी आकड्यांनी. त्यावरून संगणक स्वरलिपीचं पान तयार करतो. वरच्या सप्तकासाठी अक्षरापुढे एक बारीक खूण लागते, तीच राहिली होती. तिने खुणा दिल्या. सूर रेषांवर चढले.

"आता बसले जागेवर," म्हणत अप्पाराव खोकले.

पालमच्या बँडमध्ये त्यांनी उभं आयुष्य क्लॅरिनेट वाजवलं. फुप्फुसं थकली तेव्हा डॉक्टरांनी वाद्य बंद करायला लावलं. नवरीच्या पाठवणीसाठी त्यांनी स्वतः बांधलेली एक चाल होती; ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. उरलं होतं ते ताडकळसच्या लग्नात कुणीतरी फोनवर केलेलं रेकॉर्डिंग. परभणीत बँडपथकाला शिकवणारे धम्मानंद म्हणाले होते, "मास्तर, आमची पोरं कागद बघून वाजवतेत. कागद आणा, चाल न्हाई मरू देत."

हेमा फिजिक्स शिकली होती. संगीत येत नव्हतं, मोजणं येत होतं. रेकॉर्डिंग हळू करून ती एकेक सूर लिहीत गेली. एखादा कंस बंद करायचा राहिला की पानच उमटत नसे.

"एका कंसापायी?" अप्पाराव म्हणायचे. "लय कडक मास्तर भेटला गं तुला."

रविवारी दोघं एसटीने परभणीला गेली. धम्मानंदांनी कागद वाटले. उजव्या कोपऱ्यात अप्पारावांचं नाव छापलं होतं. स्वरलिपी वाचता येत नसूनही त्यांनी एक कागद स्वतःकडे ठेवून घेतला.

पथक वाजवू लागलं. चाल वर चढत गेली आणि ऐन उंचीवर सगळी वाद्यं एकदम थांबली. मग पुन्हा एकदम सुरू झाली.

अप्पाराव हेमाकडे वळले. "मधीच काय झालं?"

"रेकॉर्डिंगात तिथं थांबलाव तुमी, बाबा. म्हणून विराम लिहिला."

"अगं, तिथं माजा दम संपला व्हता! श्वास घ्यायलो व्हतो मी. तू ते बी लिवलंस?"

हेमाचा चेहरा उतरला. "काढते. एका अक्षराचं काम हाय."

"थांबा की ताई," धम्मानंद म्हणाले. "तीच जागा तर लय भारी हाय. पोरगी उंबऱ्यापशी थांबून मागं बघायलीय, असं वाटलं मला. मास्तर, तुमीच या समोर."

अप्पारावांनी टोपी सारखी केली आणि ते पथकापुढे उभे राहिले. चाल पुन्हा चढली. त्या जागी त्यांनी हात उंचावला, वाद्यं थांबली. कागदावर तो विराम एका मात्रेचा होता. अप्पारावांचा हात वरच राहिला. सगळ्यांचे डोळे त्या हाताकडे होते.

त्यांनी अजिबात घाई न करता श्वास घेतला. मग हात खाली आणला.