काळा धागा, निळं जर्किन

गेल्या चैत्रातल्या अमावास्येला, देवणीपासून दोन कोसांवर असलेल्या रेणुकादास महाराजांच्या मठात, परमेश्वराने सत्यम नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची छाती स्वहस्ते सपाट केली. या घटनेला शेकडो लोक साक्षीला होते. त्यातले निम्मे मंडपाच्या खांबांमागे बसले होते आणि उरलेल्यांच्या पुढे फेटेवाले होते. पण साक्ष सगळ्यांनी दिली.

सत्यम चौथऱ्यावर उघडाच उभा होता. महाराजांच्या एका हातात माइक होता आणि दुसऱ्या हातात, त्याच सकाळी सत्यमच्या अंगावरून गळून पडलेला काळा धागा.

"दीड वर्षाखाली हे लेकरू आलं, तवा ह्याची छाती कशी व्हती? सांगा वं माऊली!"

माऊली म्हणजे सत्यमची आई केवळाबाई. ती पहिल्या रांगेत बसली होती. "पोरीवानी," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. मंडप हळहळला. सत्यम पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"मागच्या जन्मी ह्यानं आईच्या दुधाचं ऋण बुडवलं! ते ऋण ह्या जन्मी छातीत साचलं! डॉक्टरच्या मशीनीत ऋण दिसतंय का?"

"न्हाई!" मंडप गर्जला.

"सोनोग्राफीत पाप दिसतंय का?"

"न्हाई!"

हे मात्र खरं होतं.

केवळाबाईला रडू आलं ते महाराजांच्या भाषणाने नव्हे. मागची दोन वर्षं तिने कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. पोराच्या छातीत दोन्हीकडे गोळे आले, दुखायला लागले, सदऱ्यातून दिसायला लागले. विहिरीवर पोरं त्याला 'आत्याबाई' म्हणायला लागली. त्याने पोहणं सोडलं, खेळाचा तास सोडला, मग शाळाच सोडायला निघाला. चालताना खांदे असे पुढे घ्यायचा की तेराव्या वर्षी म्हातारा दिसायचा.

त्यांनी आधी डॉक्टर केला नव्हता असं नाही. केवळाबाई आणि तिचा नवरा शेषेराव पोराला घेऊन लातूरला सरोजिनीबाई डॉक्टरांकडे गेले होते. बाईंनी पडद्यामागे नेऊन तपासलं, कुठल्या गोळ्या घेतो का, कसली पावडर खातो का, असं खोदून खोदून विचारलं, आणि बाहेर येऊन बरंच काही सांगितलं. त्यातलं केवळाबाईला एकच ऐकू आलं, की औषध नाही.

"गोळी न्हाई, सुई न्हाई," परतीच्या बसमध्ये शेषेराव म्हणाला. "निदान एक सलाईन तरी लावायचं! हात हलवत परत धाडलं. ही कसली डॉक्टरीण?"

केवळाबाईलाही ते पटलं. तिच्या गावात डॉक्टरचं शिक्षण सुईच्या जाडीवरून ठरतं.

महाराजांनी मात्र हात हलवत पाठवलं नाही. छातीभोवती काळा धागा बांधला आणि नियम सांगितले: चोळायचं नाही, दाबायचं नाही, रोज रोज बघायचं नाही, पोराला टाकून बोलायचं नाही. "भाकर तव्यावर टाकली की सारखी उलथायची नसती, माऊली. धागा आपल्या मनानं गळंल, तवा दोष गळंल." धागा आधी तुटला आणि दोष राहिला, तर नवा धागा. नव्या धाग्यानेही गुण आला नाही, तर घरात कुणीतरी गाठ दाबली. आणि घरात गाठ कुणीतरी दाबलेली असतेच. घरात गाठ आहे आणि ती कुणी दाबून बघितली नाही, असं घर मराठवाड्यात अजून बांधायचं आहे.

त्याच सुमाराला शेजारचा शिवकुमार, सत्यमच्याच वर्गातला, भर मे महिन्यात जर्किन घालून हिंडत होता. ऊन असं, की कावळे सावली सोडत नव्हते. त्याची आई बसम्मा म्हणायची, "पोराला हीव भरतंय." लोक म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय. महाराजांचा आणि त्या जर्किनचा काही संबंध नव्हता, म्हणून तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

त्या चैत्री अमावास्येला मंडपात केवळाबाईशेजारी तिचा थोरला भाऊ शिवशंकर बसला होता. तो देवणी जातीच्या बैलांचा जाणकार. बाजारात बैल घ्यायचा तर लोक आधी त्याला घेऊन जात. तो दात बघायचा, खुरं बघायचा, चालवून बघायचा, आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे चुकूनही बघायचा नाही. "बैल बोलत न्हाई म्हणून खोटं बोलत न्हाई," असं त्याचं म्हणणं. त्याच्या डाव्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ आली होती. बायकोलाही सांगितलं नव्हतं, बहिणीला तेवढं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तो लातूरला दाखवायला निघणार होता.

"अण्णा, उद्याचं लातूर ऱ्हाऊ दे," केवळाबाई त्याच्या कानाशी म्हणाली. "धागा बांधून घे."

"आगं, नंबर लावलाय तिथं."

"नंबराला काय करतूस? ती बाई कायबी देत न्हाई. तुझ्या डोळ्यांदेखत भाचा बरा झालाय न्हवं?"

शिवशंकरने चौथऱ्यावरच्या भाच्याकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. आणि उठून रांगेत उभा राहिला.

दिवाळीत केवळाबाई भाऊबीजेला माहेरी गेली. पाटावर भाऊ बसला होता, अंगात नवाकोरा पांढरा सदरा. तिने ताट उचललं आणि तिला डाव्या खिशाखाली तांबूस डाग दिसला.

"हे काय रं, अण्णा?"

"कुकू सांडलं आसंल."

"मी आजून कुकू लावलंच न्हाई," केवळाबाई म्हणाली.

निरांजन तसंच ताटात राहिलं. भावाने मान खाली घालून सदरा वर केला. धागा जागेवर होता, काळा कुळकुळीत. त्याच्याखाली हरभऱ्याचं लिंबू झालं होतं आणि छातीची बोंडशी आत ओढली गेली होती.

"महाराज काय म्हणले?"

"म्हणले, कुणीतरी दाबली. खरंय गं. मीच एकदा दाबून बघितली व्हती." आणि तो खाली बघून राहिला, एखादी चोरी पकडली गेल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ती भावाला घेऊन लातूरला गेली. सत्यम संगे होता. सरोजिनीबाईंनी शिवशंकरला तपासलं, काखेत बोटं घालून पाहिलं. सुईने तुकडा काढायचा, तपासायला पाठवायचा, असं म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष सत्यमकडे गेलं.

"हा तोच ना? गेलं की रे सगळं! छान."

"महाराजांच्या धाग्यानं गेलं," केवळाबाई म्हणाली. अजूनही म्हणाली. सवय मोठी वाईट.

"आणि मी काय सांगितलं होतं?"

"तुमी तर कायबी दिलं न्हाई."

"द्यायचं नव्हतंच. सांगितलं काय होतं?" बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "वयात येताना निम्म्याशिम्म्या पोरांना हे होतं. अंगातले रस खालीवर होतात, बोंडशीखाली चकती धरते, दुखते. बहुतेकांची सहा महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत आपोआप बसते. एखाद्याची राहिली तर गोळ्या आहेत, छोटं ऑपरेशन आहे. तोवर चोळू नका, दाबू नका, रोज बघू नका, पोराला टाकून बोलू नका. भाकरी तव्यावर टाकली की सारखी उलथायची नसते."

केवळाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

"ही भाकर... ही महाराजांची हाय."

"ही माझ्या आईची आहे," बाई म्हणाल्या. "मी इथे प्रत्येक आईबापाला ऐकवते. तुमचे महाराज दिसतात कसे? उजवा कान फाटलेला आहे?"

"हाव. तपाला बसले तवा नाग चावला."

"त्या शटरमध्ये अडकला," बाईंनी दाराकडे बोट केलं. "टाके मीच घातले. रेणुकादास माझ्याकडे अकरा वर्षं कंपाउंडर होता. त्या दारात उभं राहून नंबर पुकारायचा आणि आतलं ऐकायचा. मी लोकांना सांगायची, काही करू नका, आपोआप जाईल. लोक नाराज होऊन बाहेर पडायचे. त्याने ओळखलं, की लोकांना माझं वाक्य नको असं नाही, ते धाग्याला बांधून पाहिजे."

"मंजी... सत्यमला गुण..."

"दिवसांनी आला. धागा नुसता अंगावर होता."

पडद्याआडून शिवशंकर बटणं लावत आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "मग बाई," तो हळू म्हणाला, "माजंबी दिवसांनी जाईल न्हवं?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "ते वाक्य वयात येणाऱ्या पोरांसाठी आहे, दादा. त्याने ते तुम्हाला विकलं. मोठ्या माणसाची छाती वाढली तर कारण शोधावं लागतं. कधी एखादी गोळी असते, कधी जिममधली पावडर, कधी दारूने लिव्हर बिघडलेलं. आणि गाठ एकाच बाजूला असेल, टणक असेल, बोंडशी आत ओढत असेल, पाणी किंवा रक्त येत असेल, तर एक दिवस थांबायचं नाही. छातीचा कॅन्सर पुरुषालाही होतो. क्वचित होतो, पण होतो."

तपासणीचा निकाल तोच आला. गाठ काढली. काखेतही पसरलं होतं. उपचार आहेत, ते चालू आहेत; पण चैत्रात आला असता तर गोष्ट सोपी होती, एवढं बाईंनी सांगितलं. महाराजाने फसवलं याचं दुःख केवळाबाईला होतंच. पण भावाला लातूरच्या वाटेवरून मागे फिरवायला त्याने तिचं तोंड वापरलं होतं, आणि पुरावा म्हणून तिच्या पोराचं अंग.

कार्तिकी अमावास्येला मंडप पुन्हा भरला. चौथऱ्याखाली तीन-चार बाया आपापली पोरं घेऊन बसल्या होत्या. पोरांचे खांदे पुढे, माना खाली. महाराजांनी नेहमीप्रमाणे पुकारलं, "या सत्यमराव! सदरा काढा, दर्शन घडवा!"

सत्यम वर गेला. सदऱ्याची बटणं त्याने गळ्यापर्यंत लावली होती. "मी काढत न्हाई," तो म्हणाला. "माज्या मामाची छाती बघा. ती कापली."

मंडपात चुळबुळ झाली. केवळाबाई चौथऱ्यावर चढली. महाराजांचा आवाज मऊ झाला. "अरेरे, माऊली! गाठ कुणीतरी दाबली आसंल..."

"हाव, दाबली," केवळाबाई म्हणाली. "लातूरच्या डॉक्टरीणबाईनं दाबली. म्हणून तर कळलं. तुमचा कान कशानं फाटला, महाराज?"

"नागानं, माऊली. सगळ्यांना ठाव हाय."

"नाग दवाखान्याच्या शटरला ऱ्हातो व्हय? टाके घातलेली बाई जित्ती हाय. तुमी तिच्या दारात नंबर पुकारत व्हता."

महाराजांनी उजवा कान हाताने झाकला. तो झाकला नसता तर कदाचित लोकांनी विश्वास ठेवला नसता.

"पण गुण आला का न्हाई?" ते माइकमध्ये ओरडले. "पोराला गुण आला का न्हाई? हे तर खोटं न्हाई!"

मंडप डोलायला लागला. तेवढ्यात सत्यमने खाली बघून हाक मारली, "शिव्या, ये की वर. सांग."

शिवकुमार वर आला. कान लाल झाले होते. "मलाबी झालं व्हतं," तो म्हणाला. "दोन्हीकडं. म्हणून जर्किन घालत व्हतो. घरी कुणाला सांगितलं न्हाई, सत्यमला तेवढं मागनं सांगितलं. ह्याच्या आधी महिनाभर माजं गेलं."

"धागा?" खांबामागून कुणीतरी विचारलं.

"कशाचा धागा? नुसतं जर्किन."

बसम्मा खाली तोंडात पदर घालून बसली होती. दोन उन्हाळे तिने पोराला हिवतापाचा काढा पाजला होता.

महाराज हुशार माणूस. ते क्षणात सावरले. "बघा! बघा लीला! काळा धागा, काळं जर्किन! काळ्या रंगाचा..."

"निळं व्हतं," शिवकुमार म्हणाला.

आधी एक पोरगं हसलं, मग मागची रांग, मग फेटेवाले. शिव्या खाऊन मोठे झालेले महाराज या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, पण हसं झालेला महाराज टिकल्याचं ऐकिवात नाही.

केवळाबाईने माइक घेतला. "आमचा अण्णा म्हणतो, बैल घेताना विकणाऱ्याचं तोंड बघू नका, बैल बघा. आमी तोंड बघितलं. मी अण्णालाबी तेच बघायला लावलं. मायबायांनो, ज्या पोरांना गुण आला ती हितं चौथऱ्यावर उभी ऱ्हातात. ज्यांना न्हाई आला ती घरी बसत्यात, आन वर दोषबी त्यांचाच. एकदा इचारा तर खरं, धागा न बांधलेल्या पोरांचं काय झालं? पोराला दाखवून आणा, आन मग गप वाट बघा. मोठ्या माणसाला गाठ असंल तर वाट बघू नका."

तक्रार झाली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली जबाब घेतले गेले. मठाच्या मंडपाचे खांब ज्याचे होते तो घेऊन गेला.

चार दिवसांनी दोन बाया केवळाबाईच्या दारात आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यातली एक हळूच म्हणाली, "बसम्माकडनं ते जर्किन आठ दिवसांसाठी मिळंल का वं?"

"कुणाला पायजे?" केवळाबाईने विचारलं.

"आमच्या ह्यांना. येकाच बाजूला हाय. लई टणक लागतंय."

केवळाबाई उठली, पायात चप्पल घातली आणि त्या बाईचा हात धरला. "चल, तुझ्या घरला. त्यांना सांगू, उद्या तयार ऱ्हा."

लातूरची पहिली गाडी रोज सकाळी सुटते. अमावास्येलाही सुटते.