तरंगणारी कॅप्सूल

मंगळवारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण डॉक्टरांच्या दाराशी चिटपाखरू नव्हतं. सगळी झुंबड पाण्याच्या मशीनपाशी. तिथे स्टुलावर दोन ग्लास मांडून मामा उभे होते. होते एकाच मुलाचे मामा, पण महिन्याभरात साऱ्या खोलीचे झाले होते.

"पाणी खोटं बोलत नाही, ताई! औषध तरंगणार, पीठ बुडणार! डॉक्टर सहा महिन्यांनी सांगतील, मी सहा सेकंदांत सांगतो!"

टपकन कॅप्सूल पडली आणि तरंगली. "अगंबाई!" म्हणत एका आजींनी चक्क टाळ्या वाजवल्या.

इथली मुलं सोळा ते बावीस वयाची. कुणाला कुजबुज ऐकू यायची, कुणाला वाटायचं की सगळा रस्ता आपल्याकडेच बघतोय. मोठा आजार अजून झाला नव्हता, पण होण्याची भीती होती. तो एका नव्या औषधाने टळतो का, हे तपासणं चालू होतं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना पीठ, दिसायला हुबेहूब. कुणाला काय मिळतंय, विचारलं तर डॉक्टर सरळ म्हणायचे, "माहीत नाही." आता असा डॉक्टर कुणाला आवडणार? त्यापेक्षा मामा बरे!

चिमणीच्या आईने बाटली पुढे केली. चिमणी म्हणजे तिची एकोणीस वर्षांची लेक. मामांनी कॅप्सूल डावीकडच्या ग्लासात टाकली. ती थेट तळाला गेली.

"च् च् च्! पीठ!"

"दोन महिने पोरीला पीठ चारलं मी?" आईचा आवाज चढला. "बस्स झालं. आजच नाव काढते."

चिमणीने आईचा हात धरला. "आई, मला झोप लागतेय गं आता. कॉलेजला जातेय. कुजबुज कमी झालीय."

"पिठाने?"

नाव काढलं की गुरुवारचा तासही बंद. त्याच तासाला तर समुपदेशक मॅडमनी शिकवलं होतं: कानात कुजबुज आली की घाबरायचं नाही, पडताळायचं. जागा बदलून बघायची. दुसऱ्याला विचारायचं. चिमणीने हे घरी पन्नासदा केलं होतं. आता म्हटलं, ग्लासावर करून बघू!

"मामा, तीच कॅप्सूल उजवीकडच्या ग्लासात टाका ना."

"छे छे! एका कॅप्सूलला एकदाच कौल!"

"का पण?"

मामा ग्लास बाजूला सरकवणार तोवर तिने बोटांनी कॅप्सूल काढून उजवीकडे सोडली. पठ्ठी मजेत तरंगायला लागली! चिमणीने त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"शी! खारट ढाण!" ती ओरडली. "दुसऱ्या कुणाला खारट लागतंय का?"

झालं! सगळी पोरं बोटं घेऊन धावली. "मला लागतंय!" "मलापण!" मामांचा भाचा तर हसून हसून खालीच बसला. "आणि म्हणे भास आम्हाला होतात!"

खोली हास्याने दणाणली. मामांचा चेहरा पडला. "पहिल्या दिवशी याचीच बुडाली हो. बघवेना मला. मग एका ग्लासात मीठ टाकलं. सगळ्यांचीच तरंगली तर खोटं वाटेल, म्हणून दुसरा साधाच ठेवला. आणि पुढे सगळे मलाच विचारायला लागले... आजवर मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं."

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. "मिठाने पाणी जड होतं, म्हणून कॅप्सूल तरंगते. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, औषधाचीही आणि पिठाचीही."

"मग हिच्या कॅप्सूलमध्ये काय आहे?" आईने विचारलं.

"माहीत नाही. मला कळलं तर औषध घेणारी मुलं मला उगाचच बरी दिसायला लागतील आणि खरं काय ते निसटून जाईल. म्हणून शेवटच्या मुलाची तपासणी होईपर्यंत कुणाला काय मिळालं त्या यादीचं पाकीट बंद. नाव कधीही काढता येतं. पण ठरवताना मुलीला विचारा, मला हजार प्रश्न विचारा. ग्लासाला विचारू नका."

आईने चिमणीकडे पाहिलं. "काय करायचं गं?"

"राहूया. बरं कशानं वाटतंय ते माहीत नाही, पण वाटतंय हे खरं."

नर्सने बाटलीतल्या कॅप्सूल मोजल्या. "एक कमी आहे."

"ग्लासात आहे," आई म्हणाली. "तसंच लिहा."

जिन्यात एक मावशी बाटली घेऊन धापा टाकत वर येत होत्या. "तुमची तरंगली का हो?"

"आमच्यात औषध आहे की पीठ, माहीत नाही!" आई ताठ मानेने म्हणाली. "आणि मला माहीत आहे असं जो म्हणेल ना, त्याचं पाणी आधी चाखून बघा."