कुठल्या भाषेत ओरडायचं

नुमिदियाला दोन देशांचे फोन एकाच आठवड्यात आले, आणि त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही.

सोमवारी हॉलंडच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला. माझी धाकटी बहीण तेव्हा वीस वर्षांची होती. उट्रेख्तच्या एका क्लबची गोलकीपर, आणि एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून नारिंगी जर्सीत नऊ सामने खेळलेली. बाई म्हणाल्या, मोठ्या संघात तिसरी गोलकीपर म्हणून ये. मैदानात कधी उतरशील ते मी सांगू शकत नाही. बुधवारी मोरोक्कोच्या संघाकडून, रबातहून, एका गृहस्थाचा आला. ते फ्रेंचमध्ये बोलत होते. नुमिदियाने दोनदा हो-हो करून फोन माझ्या हातात कोंबला. माझं शाळेतलं फ्रेंच दोन वाक्यांत संपलं, तेव्हा तो बाबांकडे गेला. बाबा खुर्चीतून उठले, टोपी काढली आणि अडखळत अरबी बोलू लागले. आमच्या घरात अरबी कोणी बोलत नाही. आम्ही रीफच्या डोंगरातली माणसं. जेवायला बोलवायचं ते आमच्या तरीफित बोलीत, भांडायचं ते डचमध्ये.

फोन ठेवून बाबा म्हणाले, "दहा दिवसांचं शिबिर आहे. ये, बघ, मग ठरव म्हणतो." मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून नुसतेच उभे राहिले.

बाबांनी वुर्डनच्या एका गोदामात एकतीस वर्षं चीजची चाकं उलटवली. त्यात दोन्ही खांदे गेले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मोरोक्कोची लाल जर्सी घाल असं त्यांनी तोंडाने एकदाही म्हटलं नाही. पण मशिदीबाहेर, न्हाव्याकडे लोक त्यांचं अभिनंदन करू लागले, आणि अजून काही ठरलं नाही असं ते कुणालाच सांगत नव्हते.

मी माझं मत लपवलं नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते, सरळ बोलायची सवय आहे. मी तिला म्हटलं, तू जन्मलीस इथे, या इमारतींमधल्या सिमेंटच्या मैदानावर उड्या मारायला शिकलीस. मोरोक्को म्हणजे आपल्यासाठी ऑगस्टमधले चार आठवडे आणि मावशीच्या गच्चीवरचे अंजीर. तेवढ्यावर कोणी जर्सी घालतं का?

नुमिदिया हातमोजे धूत होती. त्या दिवसांत ती ते दिवसातून दोनदा धुवायची. "जर्मनीविरुद्ध माझ्या पायाखालून चेंडू गेला, तेव्हा लोकांनी काय लिहिलं होतं, वाचलंस ना लल्ला?"

थोरल्या बहिणीला आम्ही लल्ला म्हणतो. मी म्हटलं, "वाचलं. परत जा म्हणून."

"मग गेले ना परत. बसने. उट्रेख्तला."

मी हसले, ती हसली नाही. मोजे पिळून तिने पुन्हा पाण्यात टाकले.

शिबिराला जायचं तर मोरोक्कोचे कागद लागणार होते. बाबांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि तिचा तिकडचा जुना जन्मदाखला टेबलावर ठेवला. नुमिदियाने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ही नादिया कोण?"

बाबांनी सांगितलं ते आम्ही दोघी पहिल्यांदाच ऐकत होतो. ती चार महिन्यांची असताना ते तिचं नाव नोंदवायला गावाकडच्या कचेरीत गेले होते. कारकुनाने मंजूर नावांची सरकारी यादी पाहिली आणि म्हणाला, हे नाव यादीत नाही, दुसरं सांगा. बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांची सुट्टी संपत होती. बाहेर चहा विकणारी बाई म्हणाली नादिया लिहा, जवळपास तसंच ऐकू येतं. त्यांनी ते लिहिलं. आता आमच्या बोलीतली तशी नावं चालतात, पण दाखला बदलायला ते पुन्हा गेलेच नाहीत.

"आईला सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "ती चिडली असती."

नुमिदिया उठली. बूट घालून धावायला गेली. दीड तासाने आली, पाणी प्यायली आणि पुन्हा गेली.

तरीही ती शिबिराला गेली. नाही गेले तर जन्मभर कुरतडत राहील, म्हणाली. तिकडून रोज फोन यायचा, कधी पायऱ्यांवरून, कधी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. पहिल्याच सकाळी हजेरीत नादिया हे नाव तीनदा पुकारलं गेलं आणि ही शांतपणे बुटाची नाडी बांधत बसली. सगळ्या वळून बघायला लागल्या तेव्हा ती दचकून उठली. प्रशिक्षकांना वाटलं पोरगी घमेंडी आहे. कासाब्लांकाच्या मुली एका टेबलावर अरबीत बोलायच्या, फ्रान्समध्ये वाढलेल्या दुसऱ्या टेबलावर फ्रेंचमध्ये. ही ताट घेऊन मध्ये उभी. तिच्या बोलीत बोलणारी एकच बाई तिथे होती, धुलाईखान्यातली, आमच्या रीफमधल्या हुसेमाकडची. नुमिदिया रोज आपले मोजे घेऊन तिच्याकडे जाऊन बसायची.

पाचव्या दिवशी आपसात सामना झाला. उंचावरून चेंडू आला. नुमिदिया पुढे धावली आणि तोंडातून निघालं, "लोस!" डच गोलकीपर असंच ओरडते, सोड, माझा आहे. पुढची बचावपटू रहीमा थांबली नाही. दोघी एकमेकींवर आदळल्या आणि चेंडू निवांतपणे गोलमध्ये गेला. नुमिदियाचा ओठ फाटला. प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवली आणि तिला बाहेर बसवलं.

त्या संध्याकाळी फोनवर ती रडत होती. मी म्हटलं, ये निघून. मला आतून बरंच वाटलं होतं, हे खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला रहीमा स्वतःहून तिच्यासमोर येऊन बसली. तिचंही कपाळ सुजलेलं होतं. खाणाखुणा करत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने विचारलं, काल काय ओरडलीस? नुमिदियाने सांगितलं. रहीमा म्हणाली, इथे म्हणायचं "खल्लीहा". नुमिदियाने म्हणून दाखवलं. रहीमा इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, तू ओरडत नाहीस, माफी मागतेस. मग दोघी मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि अर्धा तास एकमेकींवर ओरडत राहिल्या. स्वयंपाकी भांडण सोडवायला धावत आला.

ती परत आली तेव्हा मी तिला विमानतळावर घ्यायला गेले. गाडीत तिने खिडकी खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. घरी पोचेपर्यंत ठरवलंय का हे मी विचारलं नाही. रविवारी दुपारी तिने हॉलंडच्या बाईंना फोन लावला, बाबांसमोर, माझ्यासमोर. नाही म्हणाली, आभार मानले. बाई म्हणाल्या, वाईट वाटलं, पण तू स्वतः फोन केलास हे बरं केलंस.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काहीतरी मोठं बोलणार होते, मातीबद्दल वगैरे. नुमिदियाने त्यांना थांबवलं.

"बाबा, तुमच्यासाठी नाही केलं हे. आणि तिकडे मी घरी आहे असंही मला वाटलं नाही. इथे मला सगळं येतं आणि तरी मी रांगेत तिसरी. तिकडे मला काहीच येत नाही, तरी एक पोरगी सुजलेल्या कपाळाने शिकवायला आली. एवढंच आहे. उद्या चुकलं असंही वाटेल."

"वाटेलच," मी म्हटलं. माझा राग गेला नव्हता. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

मग मैदानावरच्या अरबी शब्दांचा अभ्यास सुरू झाला. डावीकडे बघ, पुढे जा, मागे माणूस आहे. तिने बाबांना विचारलं आणि कळलं की त्यांनाही यातले निम्मे शब्द येत नाहीत. त्यांचं अरबी म्हणजे कचेरीपुरतं: साहेब, कृपा करा, उद्या येतो. त्या दिवशी ते फार ओशाळले. पण नंतर वही घेऊन तेही तिच्याशेजारी बसू लागले, आणि खालच्या मजल्यावरच्या कासाब्लांकाच्या शिक्षिकेकडे बापलेक आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. बाबांचे उच्चार तिच्यापेक्षा वाईट होते.

मार्चमध्ये रबातला तिचा पहिला सामना झाला. मीही गेले. न जाऊन कसं चाललं असतं? संघ दोन-एकने हरला. पहिला गोल तिची चूक होती, हे ती आजही मान्य करते. नंतर तिने एक पेनल्टी अडवली, आणि माझ्या शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली.

सामना संपल्यावर खेळाडूंच्या दाराशी पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. बाबा अरबीत म्हणाले, मी गोलकीपरचा बाप. त्याने विचारलं, कुठल्या गोलकीपरचा, दोन आहेत, आमची की ती हॉलंडवाली?

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. ज्या देशाचं नाव त्यांनी चाळीस वर्षं उराशी धरलं, त्या देशाच्या दारात उभे होते. मी बोलायला पुढे झाले, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरून मला मागे ओढलं.

"हॉलंडवालीचा," ते म्हणाले.

आत नुमिदिया गुडघ्यावर बर्फ धरून बाकावर बसली होती. आम्हाला पाहून उठली, बसली, पुन्हा उठली. बाबांनी तिचं कपाळ चुंबलं. ती मात्र माझ्याकडे बघून विचारत होती, "पहिल्या गोलाच्या वेळी मी ओरडले, ते वर प्रेक्षकांत ऐकू आलं का?" मी म्हटलं, आलं.

"कुठल्या भाषेत?"

"ते कळलं नाही. गोंगाट होता."

ती बर्फ खाली ठेवून रहीमाला शोधायला निघाली. तिला विचारायला.