बदललेले खुनी

मामंजींची नजर गेली त्याला दोन वर्षं झाली होती. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली आणि म्हातारपणी डोळ्यांनीच दगा दिला. डोकं मात्र तल्लख. सून शिंप्याच्या दुकानातून संध्याकाळी परतली, की हातपाय धुऊन त्यांच्या खाटेशेजारी बसायची आणि वाचनालयातून आणलेली रहस्यकथा मोठ्यानं वाचून दाखवायची.

निम्मं पुस्तक व्हायच्या आत मामंजी खुनी ओळखत. "तो डॉक्टर बघ. अंधाऱ्या घरात शिरला आणि दिव्याचं बटण न चाचपडता सापडलं त्याला. आधी येऊन गेलाय लेकाचा." शेवटी डॉक्टरच निघायचा. मग जेवताना ते मुलाला ऐकवायचे, "वाचते ही, पण हिच्या ध्यानात काही येत नाही."

एके दिवशी कोटाची बाही आखूड झाली म्हणून एका गिऱ्हाइकानं तिची चारचौघांत बिनपाण्यानं केली. तोंडाची चव गेलेली असतानाच ती वाचायला बसली. खुनी मेलेल्याची बहीण आहे, हे मामंजींनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. पान उलटलं, तर बहीणच. काय वाटलं कोण जाणे, आवाज जराही न बदलता तिनं बहिणीच्या जागी वकील वाचला.

"वकील? अगं, तो तर गावातच नव्हता!"

"तिकीट खोटं होतं त्याचं."

"अस्सं," मामंजी म्हणाले.

त्या रात्री स्वयंपाक करताना ती चक्क गुणगुणत होती. पुढच्या पुस्तकातही तिनं तेच केलं, त्याच्या पुढच्याही. चौथ्या पुस्तकाला मामंजींनी अंदाज बांधणंच सोडलं.

मग शेजारीणबाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या. अशी कामं ते अजून बोटांनी चाचपून करत. या वेळी त्यांनी हातही लावला नाही. "दुसरीकडे न्या. माझं डोकं चालेनासं झालंय." संध्याकाळी ते मुलाला म्हणाले, "मला डॉक्टरकडे ने रे. स्मरणशक्तीचे असतात ना, त्यांच्याकडे." त्यानं पुढच्या आठवड्यात रजा टाकायचं ठरवलं.

स्वयंपाकघरात तिच्या हातातली पळी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर जाताच ती खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"मामंजी, बहीणच होती."

"कोणाची बहीण?"

"त्या पुस्तकातली. मी वकील वाचला."

ते खाटेवर उठून बसले. "आणि पुढच्या पुस्तकातला माळी?"

"तुमचंच बरोबर होतं."

"तिसऱ्यातलं?"

तिनं मान हलवली. त्यांना दिसत नाही हे उशिरा लक्षात आलं. "हो."

"का गं?"

"तुम्ही सारखं म्हणायचात, माझ्या ध्यानात येत नाही म्हणून." कारण तोंडातून बाहेर पडलं आणि इतकं चिमुकलं निघालं, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"तोंडावर सांगायचंस की," मामंजी हळूच म्हणाले. "महिनाभर मी पडल्या पडल्या काल काय जेवलो ते आठवून बघतोय. आठवतंय की नाही, एवढ्याचसाठी."

मुलाला त्यांनी एवढंच सांगितलं, "राहू दे डॉक्टर. बरं वाटतंय आता." सुनेचं नावही काढलं नाही. चार शब्द बोलले असते तर तिला सोसलं असतं.

आठवड्यानं त्यांनी नवं पुस्तक आणायला सांगितलं. निम्मं झाल्यावर विचारलं, "तुला कोण वाटतं?" विचारण्यात टोमणा नव्हता.

"नोकर," ती म्हणाली. "मालकीण मेल्याचं अजून कुणालाच कळलं नव्हतं, तरी त्यानं सकाळी चहा मालकापुरता एकच कप केला."

"मलाही तोच वाटतोय."

शेवटच्या पानावर नोकरच निघाला. तिनं शब्दन् शब्द जसाच्या तसा वाचला. मामंजींनी मान डोलावली, "छान वाचलंस," म्हणाले.

नवरा घरी आला तेव्हा ती भाकरी थापत होती. बाहेरच्या खोलीतून मामंजींचा आवाज आला. "ते पुस्तक घे रे जरा. शेवटचं पान वाच बघू."

नवऱ्याला काही उमगलं नाही, पण तो अडखळत वाचू लागला. तिनं तव्याखालचा विस्तव बारीक केला आणि मान खाली घालून ऐकत उभी राहिली.