ऋतिका काय म्हणाली

शेवंताबाईंशी बोलायचं तर समोर बसून, तोंडावर उजेड घेऊन बोलावं लागतं, हे पितांबरनानांनी स्टुडिओत पाय ठेवताच सांगितलं. दीपकने आपली खुर्ची खिडकीकडे तोंड करून फिरवून घेतली. दोघं नवराबायको सावद्याहून आली होती. सकाळी निघून भुसावळ, जळगाव करत दुपारी धुळ्यात पोचली होती. नानांनी पिशवीतली केळी टेबलावर ठेवली आणि कामाचं काही बोलायच्या आधी पाणी मागितलं.

दीपक त्यांना ओळखत होता. त्यांच्या मुलीच्या, ऋतिकाच्या लग्नाचं शूटिंग त्यानेच सावद्याला जाऊन केलं होतं. जावई योगेंद्र धुळ्याचा, नरडाण्याला एका कारखान्यात नोकरीला. गेल्या पावसाळ्यात ऋतिका डेंग्यूच्या तापाने गेली. दीपकच्या कानावर ते उशिरा आलं आणि मग लग्नसराईत दारावर जायचं राहून गेलं होतं. आता ती दोघंच त्याच्या दारात आली होती.

"अक्का, फार वाईट झालं," तो सावकाश म्हणाला.

शेवंताबाईंनी त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि मान हलवली. ऋतिकाच्या वेळच्या बाळंतपणातच त्यांना मोठा ताप आला होता, त्यात दोन्ही कान गेले. लेकीचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. लेकीचं बोलणं म्हणजे लेकीचे ओठ. त्या स्वतः बोलत ते एकाच पट्टीत, चढउतार नसलेलं.

"सासरी जातांनी मोटारीत बसाच्या आधी ती माह्याकडे फिरली," त्या म्हणाल्या. "काहीतरी बोलली. माहे डोये भरेल व्हते, मले तिचं तोंडच दिसलं नाई. मी मान हालवली, समजलं म्हनून. पुढं इचारू म्हनलं. ते राहूनच गेलं."

नाना म्हणाले, "मी तव्हा मागं टेम्पोत सामान भरत होतो. जावयाले इचारलं, ते अगोदरच आत बसेल. बँड वाजत होता, कोणालेच काही ऐकू आलं नाई. व्हिडिओत पाह्यलं तं तोंड पुसटच दिसतं. ही म्हने, भाऊकडे मोठा कम्प्युटर असतो, आपन जाऊन पाहू."

दीपकने व्हिडिओ लावला. लग्नानंतर त्याने तो नेटवर टाकून दोन्ही घरांना लिंक पाठवली होती. सगळे तोच पाहत होते. तिन्हीसांजेची वेळ, फुलांनी मढवलेली गाडी, बँडचा गोंगाट. ऋतिका आईकडे वळते, तिचे ओठ हलतात, मग माणसं मधे येतात. तोंडाच्या जागी एक गुलाबी धूसर डाग हलत होता.

"नाना, नेटवर टाकला की व्हिडिओ दाबला जातो," दीपक म्हणाला. "जागा वाचवायला बारीकसारीक सगळं काढून टाकतात. मूळ फाइल माझ्याकडे आहे. तिच्यात दिसेल."

हे तो सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगायचा. कोणी म्हणालं, नवरदेवाचं तोंड जरा फिकं दिसतं, की तो म्हणायचा, नेटमुळे होतं. आणि ते खोटं नव्हतं. त्याने जुनी हार्ड डिस्क काढली, मूळ फाइल उघडली आणि मोठ्या पडद्यावर तीच जागा आणली. फरक लगेच दिसला. गाडीवरचा शेवंतीचा हार पाकळी न् पाकळी मोजता येईल इतका लख्ख. चालकाच्या शर्टाची चौकडी लख्ख. शेवंताबाई पुढे झुकल्या.

ऋतिका पडद्याच्या डाव्या कडेला होती. शालूचा काठ आधीपेक्षा बरा दिसत होता. तोंड मात्र अजून मऊच, दुधावरच्या सायीसारखं. दीपकने फाइल पुढेमागे केली, मोठी केली, उजेड वाढवला. ओठ हलत होते एवढंच कळत होतं.

शेवंताबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाई दिसत."

दीपक म्हणाला, "मला थोडे दिवस द्या, अक्का."

ती दोघं गेल्यावर त्याने त्या लग्नात वापरलेली लेन्स काढली. त्या दिवशी उजेड कमी म्हणून ती पूर्ण उघडी ठेवून त्याने शूटिंग केलं होतं. फोकस चुकला असता तर काहीतरी दुसरं, पुढचं किंवा मागचं, लख्ख दिसलं असतं. आणि गाडी तर ऋतिकाच्या जवळच, तेवढ्याच अंतरावर होती. मग तीच मऊ का? त्याने भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवलं, कॅमेरा स्टँडवर समोर सरळ लावला आणि चित्र घेतलं. मधल्या बातम्या सहज वाचता येत होत्या. उजवीकडच्या जाहिरातीही. डावीकडचा रकाना पाण्यात भिजून वाळलेल्या कागदासारखा फुगलेला. लेन्सचं तोंड बारीक केल्यावर ते अक्षर थोडं सावरलं, उघडलं की पुन्हा विरघळलं.

लेन्स त्याने सेकंडहँड घेतली होती. घेताना मधोमध फोकस करून पाहिला, चांगला वाटला. कडा कोणी पाहतं का? त्याने इतर लग्नांच्या मूळ फाइली उघडल्या. प्रत्येक लग्नात डाव्या कडेला उभी असलेली माणसं अशीच मऊ होती. कोणाची आजी, कोणाचा भाऊ. बारक्या पडद्यावर ते दिसलं नव्हतं आणि नेटवर गेल्यावर सगळंच मऊ व्हायचं, त्यामुळे त्याला कधी शंकाही आली नव्हती.

जळगावला मगनभाई लेन्स दुरुस्त करत. दीपक बसने गेला. मगनभाईंनी लेन्स दिव्यापुढे धरून फिरवली.

"आतली एक काच तिरपी बसली आहे. कुठेतरी पडली असेल, तुझ्याकडे यायच्या आधी. सरळ करून देतो."

"आणि जे शूट झालंय?"

"ते झालं," मगनभाई म्हणाले. "पुढचं चांगलं येईल."

परतीच्या बसमध्ये दीपकच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्या संध्याकाळी गाडीची सजावट छान दिसावी म्हणून त्याने गाडी मधे घेतली होती. पाऊलभर डावीकडे सरकला असता तर ऋतिका मधे आली असती.

मग त्याने नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात पुसट चेहरा टाकला की मशीन स्वतःच्या अंदाजाने तो भरून काढतं. आणि खरंच, तास-दोन तासांनी पडद्यावर ऋतिका उमटली. पापण्या, नथ, ओठांची कड, दात. दीपकला स्वतःलाच भरून आलं. त्याने लगेच सावद्याला फोन लावला.

दोघं दुसऱ्याच दिवशी आली. शेवंताबाई पडद्यासमोर बसल्या. एकदा पाहिलं. हाताने खूण करून पुन्हा लावायला सांगितलं. दीपक त्यांच्या तोंडाकडे पाहत होता, तिथे काही उजळेल म्हणून. उजळलं नाही.

"हे तोंड तिचं नाई," त्या म्हणाल्या.

"अक्का, मशीनने फक्त साफ केलंय."

"तिचा पुढचा दात दुसऱ्यावर चढेल व्हता. हिचे एका रांगेत सरके हायेत." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "अन् ही बोलत नाई काही. नुसतं तोंड हालवते."

दीपकने व्हिडिओ थांबवला. मशीनला ऋतिका माहीत नव्हती. त्याने हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून एक तोंड बनवून तिच्या जागी बसवलं होतं.

"भाऊ, ते पुसून टाका," नाना हळूच म्हणाले. "उद्या तेच खरं वाटाले लागीन आमाले."

दीपकने त्यांच्यासमोरच ती फाइल पुसली.

पण त्याला चैन पडेना. गाडीत आणखी कोण होतं, हे त्याने मूळ फाइल हळू चालवून पाहिलं. पुढच्या सीटवरून कोणीतरी मोबाइल धरून मागे वळलं होतं. बांगड्यांचा हात होता. त्याने योगेंद्रला फोन केला. योगेंद्र म्हणाला, "पुनमताई असेल. माझी बहीण. तिने गाडीतून काढला होता एक व्हिडिओ. आमच्या ग्रुपवर टाकला होता, पण त्यात काहीच दिसत नाही."

"ग्रुपवर जाताना तो पण दाबला गेला असेल. मूळ तिच्या मोबाइलमध्ये आहे का?"

"विचारतो."

रविवारी दीपक योगेंद्रच्या घरी गेला. भिंतीवर ऋतिकाचा फोटो होता, लग्नातलाच, दीपकने काढलेला. योगेंद्र वाळला होता. पुनमने कपाटाचा खालचा खण उपसला.

"जुना मोबाइल पडेल शे कपाटमा. काच फुटेल शे, पन चालू व्हस," ती म्हणाली.

चार्जिंगला लावल्यावर तो चालू झाला. दीपकने केबल जोडून व्हिडिओ जसाच्या तसा लॅपटॉपवर घेतला. योगेंद्र दारापाशी उभा होता. "मला आत्ता नको दाखवू," तो म्हणाला. "आधी त्यांना दाखव."

या खेपेला दीपकने नानांना फोनवर फार काही सांगितलं नाही. एक मिळालंय, येऊन पाहून घ्या, एवढंच. दोघं पुन्हा धुळ्यात आली.

व्हिडिओ छोटा होता आणि हात हलत होता. आधी गाडीचं छत, मग योगेंद्रचा फेटा, मग उघड्या दारातून ऋतिका. बाजूने दिसणारा चेहरा, मग थोडा समोर. चढलेला दातसुद्धा दिसत होता. ओठ हलले. मग कोणाची तरी पाठ दारात आली आणि ऋतिका तिच्याआड गेली. पाठ बाजूला झाली तेव्हा ती आत बसत होती.

शेवंताबाई हलल्या नाहीत. दीपकने न सांगता पुन्हा लावलं, मग आणखी हळू. तिसऱ्यांदा त्या पडद्यातल्या ओठांबरोबर स्वतःचे ओठ हलवू लागल्या, आवाज न करता. मग नानांकडे वळून म्हणाल्या,

"'रडू नको वं माय,' म्हने. 'डोये भरले तं मी काय बोलते ते दिसीन कसं तुले?'"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अन् पुढं?" त्यांनी विचारलं.

"पुढं तो मानूस आला."

दीपकने तरी ती जागा एकेक चित्र पुढे सरकवत पाहिली. पाठीच्या बाजूने ऋतिकाचा जबडा तेवढा खालीवर होताना दिसत होता. म्हणजे ती बोलत होती, बरंच काही बोलत होती. ओठ मात्र कुठल्याच चित्रात नव्हते. याच्यावर उपाय नव्हता. तिथे लेन्सचा दोष नव्हता आणि दाबलेल्या फाइलचाही नव्हता. ते चित्रात आलंच नव्हतं.

"एवढंच आहे, अक्का," तो म्हणाला.

"असू दे."

त्याने व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून दिला आणि नानांना बजावलं, की मोबाइलवरून कोणाला पाठवू नका, पाठवला की खराब होतो, टीव्हीला लावूनच पाहा. नानांनी पेनड्राइव्ह रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवला. दीपक त्यांना सोडायला बसस्टँडवर गेला. सावद्यावरून जाणाऱ्या रावेर गाडीला वेळ होता. तिघं बाकावर बसले, दीपक मुद्दाम शेवंताबाईंच्या समोर येईल असा तिरका.

गाडीची वाट पाहता पाहता त्या बोलू लागल्या. ऋतिका लहान असताना नाना रात्रभर केळीला पाणी देऊन सकाळी येऊन झोपायचे. पोरगी बडबडी. तेव्हा त्या तोंडावर बोट ठेवून तिला गप्प करायच्या. एक दिवस पोरीच्या ध्यानात आलं, की आईशी बोलायला आवाज लागतच नाही. तेव्हापासून ती सकाळभर चुलीपाशी बसून बिनआवाजाची बोलायची. शाळेतलं, शेजारचं, स्वप्नातलं सगळं. आणि नाना बाजूला घोरत पडलेले.

"मले कोनी सांगितलंच नाई हे," नाना म्हणाले.

"तुमी झोपेल राहत ना," शेवंताबाई म्हणाल्या, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना रडू फुटलं. नानांनी त्यांचा हात धरला.

गाडी लागली. दीपकने पिशवी वर चढवून दिली, दोघांना खिडकीशी जागा मिळालेली पाहिली आणि गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.